ओटा सरकारचा, हात आजोबांचा

दुपारी बाराच्या ठोक्याला सिंगापूरच्या कचेऱ्यांच्या भागातल्या कुठल्याही हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे फेरीवाल्यांच्या सरकारी जेवणघरात, शिरा. शेकडो माणसं, डोक्यावर पंख्यांची घरघर, चहूकडून कढया-उलथन्यांचा खणखणाट, आणि तरीही मधेच काही टेबलं चक्क रिकामी! जवळ जावं तर टेबलावर टिश्यूपेपरचं एक छोटं पाकीट पडलेलं. पलीकडच्या टेबलावर छत्री. त्याच्याही पलीकडे ऑफिसचं ओळखपत्र, गळ्यातल्या फितीसकट. मालक वीस पावलांवर रांगेत उभा, टेबलाकडे पाठ करून. त्या पाकिटाची किंमत ती काय! पण ते तिथे आहे तोवर त्या जागेवर बसायची कुणाची छाती होत नाही. जागा अशी अडवण्याला इथे ‘चोप’ करणं म्हणतात. हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही, पण पाळतात सगळेच.

टिश्यूच का, याचंही उत्तर गमतीचं आहे. हॉकर सेंटरमधले स्टॉलवाले हात पुसायला कागद देत नाहीत. त्यामुळे प्रत्येकाच्या खिशात किंवा पर्समध्ये टिश्यूचं पाकीट असतंच. टेबलाटेबलांतून फिरत ही पाकिटं विकणारे म्हातारे-म्हाताऱ्याही दिसतात. जी वस्तू सगळ्यांजवळ असते, हरवली तरी जिची हळहळ वाटत नाही आणि जी मुद्दाम ठेवली आहे हे बघताक्षणी कळतं, तीच जागेची खूण झाली. समिती नेमून शोधली असती तरी याहून नेमकी वस्तू सापडली नसती.

नोकरीच्या निमित्तानं सिंगापुरात माझा बराच मोठा मुक्काम झाला. विमानतळावरचा धबधबा, समुद्रात भराव घालून उभे केलेले मनोरे हे सगळं पाहुण्यांनी पाहून घ्यावं. तिथे रोज राहणाऱ्या माणसाला थक्क करतं ते वेगळंच. जगातल्या सर्वांत महागड्या शहरांच्या यादीत सिंगापूर कायम वरच्या काही ओळींत असतं. मोटार रस्त्यावर आणायची तर गाडीची किंमत सोडाच, नुसत्या परवान्याचे लाखभर डॉलरच्या आसपास मोजावे लागतात. त्याच शहरात पोटभर जेवण चार-पाच सिंगापूर डॉलरला मिळतं आणि कॉफी दीड डॉलरला. आपल्या हिशेबात जेवण तीनशे रुपयांच्या आसपास, म्हणजे पुण्या-मुंबईतल्या बऱ्यापैकी हॉटेलातल्या थाळीएवढंच. तिथला पगार आणि घरभाडं पाहिलं की हा आकडा छापताना चूक झाली असावी असं वाटतं.

चूक झालेली नाही. हे कसं जमतं ते समजून घ्यायला गेलं की पन्नास वर्षांपूर्वीचा एक निर्णय हाती लागतो, आणि त्या निर्णयाला आता फुटू लागलेला घामही दिसतो.

खायच्या जागा तीन

सिंगापूर म्हणजे साडेसातशे चौरस किलोमीटरहूनही छोटा, मुंबईपेक्षा जरासाच मोठा देश. वस्ती साठ लाखांच्या घरात. इथल्या रहिवाशांपैकी दहातले जवळजवळ आठ जण सरकारी गृहनिर्माण मंडळानं, म्हणजे एचडीबीनं, बांधलेल्या इमारतींत राहतात. नवरा-बायको दोघं नोकरीला, दिवसभर दमट उकाडा आणि खाली उतरलं की समोर शिजवलेलं जेवण. घरी रोज चूल पेटलीच पाहिजे असा हट्ट मग राहत नाही. सकाळचा नाश्ता, दुपारचं जेवण, कित्येकदा रात्रीचंही बाहेरच. त्याला कुणी चैन म्हणत नाही आणि बाईच्या गृहिणीपणावर त्याचा ठपकाही येत नाही.

बाहेरच्या खाण्याच्या साध्या जागा तीन. पहिली हॉकर सेंटर. ही सरकारच्या मालकीची, चारी बाजूंनी उघडी, उंच छपराची, जमिनीत पक्क्या रोवलेल्या टेबलांची आणि गोल स्टुलांची. कडेनं स्टॉलच्या ओळी. अशी शंभराहून जास्त सेंटरं शहरभर आहेत. बऱ्याच ठिकाणी शेजारी किंवा खाली भाजी-मासळीचा बाजार असतो. दुसरी जागा कोपीतिआम. इमारतीच्या तळमजल्यावरचं हे कॉफीचं दुकान. मालक बहुधा चहा-कॉफी स्वतः विकतो आणि बाकीचे कोपरे जेवण करणाऱ्यांना भाड्यानं देतो. तिसरी म्हणजे मॉलमधली वातानुकूलित फूड कोर्ट. गारव्याचे पैसे वर मोजायचे.

यांच्यापलीकडे मग रेस्टॉरंट, आणि तिथे पाटीवरच्या किमतीपुढे दोन अधिकची चिन्हं असतात. एक दहा टक्के सेवाशुल्काचं, दुसरं नऊ टक्के जीएसटीचं. वीस डॉलरचा पदार्थ मागवला की बिल येतं तेवीस डॉलर अठ्ठ्याण्णव सेंट. हॉकर सेंटरमध्ये ही भानगड नाही. पाटीवर साडेचार लिहिलेत तर साडेचारच द्यायचे. टिप ठेवायची पद्धतही नाही.

कॉफीचं सूत्र

पेयांचा स्टॉल वेगळा असतो. जेवण करणारा पेय विकत नाही आणि पेयवाला जेवणाला हात लावत नाही, कारण कुठल्या स्टॉलवर काय विकायचं हे परवान्यातच ठरलेलं. या स्टॉलवर ‘एक कॉफी द्या’ म्हणून चालत नाही. इथे कॉफी मागायची ती तुकडे जोडून. नुसतं ‘कोपी’ म्हटलं की घट्ट गोड दूध घातलेली कॉफी येते. ‘कोपी-ओ’ म्हणजे बिनदुधाची पण साखरेची. ‘कोपी-सी’ म्हणजे साखर आणि आटवलेलं अगोड दूध. पुढे ‘कोसोंग’ जोडलं की साखर गेली, ‘सिऊ दाय’ जोडलं की कमी झाली. ‘गाऊ’ म्हणजे कडक, ‘पो’ म्हणजे पातळ, ‘पेंग’ म्हणजे बर्फ घालून. मलय आणि चिनी बोलींतले हे तुकडे एका दमात म्हणायचे, ‘कोपी-सी सिऊ दाय पेंग’, की काउंटरमागच्या आजोबांचा हात मान वर न करता चालू होतो.

तो हात पाहण्यासारखा असतो. लांब चोचीचं उंच भांडं, त्यात लोखंडी कडीला लावलेली मोज्यासारखी लांबट कापडी गाळणी. त्या गाळणीतून काळीभोर कॉफी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतली जाते, मग पुन्हा पहिल्यात. जाड चिनी मातीच्या कपाच्या तळाशी घट्ट दुधाचा बोटभर थर आधीच पडलेला असतो. त्यावर कॉफी, वर उकळतं पाणी. ढवळायचं काम गिऱ्हाइकाचं. कॉफीचे दाणे बहुतेक रोबस्टा जातीचे, स्वस्त आणि कडवट. म्हणून ते साखर आणि मार्गारीन घालून भाजतात. दाण्यावर जळक्या साखरेचं कवच चढतं आणि कॉफीला काकवीसारखा दाट, खमंग वास येतो. घरी न्यायची असेल तर ती प्लॅस्टिकच्या पिशवीत ओततात, तोंडाला दोरी आवळतात आणि ती गरम पिशवी बोटाला अडकवून माणसं लिफ्टमध्ये चढतात. जुने लोक अजूनही कॉफी बशीत ओतून फुंकर घालत पितात. हे पाहिल्यावर मराठी माणसाला परदेशात आल्यासारखं वाटणं कठीण.

कॉफीवाल्याला ‘अंकल’ म्हणायचं, भातवालीला ‘आंटी’. वयानं मोठ्या अनोळखी माणसाला नुसतं ‘तुम्ही’ म्हणून भागत नाही, नातं लावावं लागतं.

एक स्टॉल, एक पदार्थ

स्टॉल म्हणजे दोन माणसं पाठीला पाठ लावून उभी राहतील एवढा गाळा. पुढे काचेची पेटी, मागे शेगडी आणि नळ. एवढ्याशा जागेत पन्नास पदार्थांचं मेन्यूकार्ड शक्यच नाही. म्हणून एक स्टॉल एक पदार्थ करतो, फार तर दोन-तीन. आणि तोच पदार्थ तीस-चाळीस वर्षं रोज केला की त्याचं काय होतं ते समजायला हैनानी चिकन-राइसच्या स्टॉलसमोर थोडा वेळ उभं राहावं.

दिसायला हे जेवण म्हणजे अगदी आजाऱ्याचं पथ्य. पांढरा भात, पांढरी कोंबडी, काकडीच्या चकत्या. कोंबडी न उकळणाऱ्या, जेमतेम थरथरणाऱ्या पाण्यात शिजवतात आणि शिजल्याबरोबर बर्फाच्या पाण्यात बुडवतात. त्या धक्क्यानं कातडीखालचा रस जेलीसारखा थिजतो आणि मांस लुसलुशीत राहतं. खरी करामत मात्र भातात. तांदूळ कोंबडीच्या चरबीत आलं-लसणाबरोबर परततात आणि त्याच कोंबडीच्या पाण्यात पांदानची सुगंधी पानं घालून शिजवतात. शीत न् शीत सुटं आणि चकचकीत. बाजूला मिरचीची आंबट-तिखट चटणी, वाटलेलं आलं आणि काळा दाट सोया सॉस. जाणकार सिंगापूरकर आधी नुसता भात चाखतो. भात जमला नसेल तर कोंबडीबद्दल बोलायचंच नाही.

सुरा चालवणारा माणूस गिऱ्हाइकाकडे पाहत नाही. लाकडी ओंडक्यावर अर्धी कोंबडी आडवी, चार-सहा घाव, सुऱ्याच्या पात्यानंच तुकडे उचलून भातावर. प्लेट तयार व्हायला मिनिटसुद्धा लागत नाही. रांग वीस माणसांची असली तरी ती सरकत राहते याचं कारण हेच. आणि रांग लांब असेल तर सिंगापूरकर आधी रांगेत उभा राहतो, कशाची आहे ते नंतर विचारतो.

या एकाग्रतेची दखल बाहेरच्या जगानंही घेतली. २०१६ साली मिशलिनची सिंगापूरसाठीची पहिली मार्गदर्शिका निघाली तेव्हा तिने दोन हॉकरांना एक-एक तारा दिला. त्यातले एक चॅन हॉन मेंग, चायनाटाउन कॉम्प्लेक्समध्ये सोया सॉसमधली कोंबडी आणि भात विकणारे. त्यांच्या जेवणाची किंमत तेव्हा दोन डॉलरच्या आसपास होती. मिशलिनचा तारा मिळालेलं जगातलं सर्वांत स्वस्त जेवण म्हणून ते गाजलं. पुढे २०२१ साली तो तारा त्यांच्याकडून गेला, पण गल्लीतल्या स्वयंपाकाला मोठ्या हॉटेलांच्या मापानं मोजता येतं हे तोवर सिद्ध झालं होतं.

बोट दाखवा, जेवा

भाषा येत नसलेल्या माणसासाठी सर्वांत सोयीचा स्टॉल म्हणजे ‘इकॉनॉमी राइस’चा. काचेमागे वीस-तीस ट्रे. परतलेली कोबी, वांगी, टोफू, अंड्याचं आमलेट, तळलेली मासळी, गोडसर डुकराचं मांस. आंटी प्लेटमध्ये भात घेऊन उभी. आपण बोट दाखवत पुढे सरकायचं, ती डाव घालत जाते. तीन बोटं, तीन पदार्थ, आणि शेवटचा डाव पडायच्या आत ती किंमत सांगते. वजन नाही, यादी नाही. भाजीचा दर एक, मांसाचा त्याहून जास्त, मासळीचा सगळ्यात जास्त, एवढं साधारण कळतं. बाकीचा हिशेब तिच्या डोक्यात. तो कसा होतो याबद्दल अख्ख्या देशात तर्क चालतात आणि तिच्याशी वाद कुणी घालत नाही.

शाकाहारी माणसाला मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात. हिरवीगार पालेभाजी दिसते, पण तिच्यात सुक्या कोळंबीची चटणी असते. नूडल्स भाज्यांच्या असतात, पण रस्सा कोंबडीचा. ‘लाक्सा’च्या नारळी रश्शाचा पायाच सुकी कोळंबी. यावरचा उपाय त्याच छपराखाली मिळतो, चिनी बौद्ध शाकाहारी स्टॉलवर. तिथे मांस-मच्छी नाहीच, शिवाय परंपरेनं कांदा-लसूणही वर्ज्य. चिनी चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथे एरवी मांस खाणाऱ्यांचीही रांग लागते, आपल्याकडे एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीला लागावी तशी. गंमत म्हणजे या स्टॉलवरचे गव्हाच्या चिवट पिठाचे आणि सोयाचे पदार्थ हुबेहूब मांसासारखे दिसतात, लाल भाजलेल्या डुकराच्या कापांसकट. घाबरायचं कारण नसतं, पण पहिला घास जपूनच जातो.

देशी जिभेला आधार हवा असेल तर लिटल इंडियातलं टेक्का सेंटर आहेच. तिथे डोसे, बिर्याणी आणि प्राटा. प्राट्याचा गोळा तेलकट लादीवर आपटून, हवेत फिरवून मलमलीएवढा पातळ करतात, मग घडी घालून भाजतात. जवळच सेरंगून रोडवर १९४७ पासून चालू असलेलं कोमला विलास आहे. पण खरं सांगायचं तर परक्या गावी आपलंच जेवण शोधत फिरण्याची गरज इथे लवकर संपते. एकाच टेबलावर मलय माणूस नासी लेमाक हा नारळी भात खातोय, चिनी माणूस नूडल्स आणि तमिळ माणूस डोसा, हे दृश्य इतकं रोजचं आहे की त्याकडे कुणी वळूनही पाहत नाही. १६ डिसेंबर २०२० रोजी युनेस्कोनं सिंगापूरच्या हॉकर संस्कृतीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं. तो मान कुठल्या एका पदार्थाला नव्हता, एकत्र बसून खाण्याच्या या सवयीला होता.

कावडीपासून गाळ्यापर्यंत

हे सगळं आपोआप झालं नाही. सिंगापूर मुळात परगावाहून पोटासाठी आलेल्या माणसांचं बंदर. दक्षिण चीन, तमिळ मुलूख, जावा, मलाया इथून आलेले एकटे पुरुष दाटीवाटीच्या खोल्यांत राहत. चूल मांडायला जागा नाही. त्यांना जेवू घालायला खांद्यावर कावड घेऊन विक्रेते हिंडत. एका टोपल्यात शेगडी, दुसऱ्यात सामान. नूडल्सवाला बांबूच्या पट्ट्या वाजवत येई, त्या आवाजावरून लोक वरच्या मजल्यावरून मागणी सांगत. दुसऱ्या महायुद्धानंतर बेकारी वाढली आणि रस्ते विक्रेत्यांनी भरून गेले. पाणी बादलीतलं, खरकटं गटारात, गटार नदीत. कॉलरा आणि विषमज्वराची भीती सतत. इन्स्पेक्टर आला की गाडी ढकलत पळायचं, तो गेला की परत यायचं. दादर-ठाण्याच्या माणसाला हे चित्र समजावून सांगायला नको.

१९५९ मध्ये स्वशासन आणि १९६५ मध्ये स्वातंत्र्य मिळाल्यावर सरकारपुढे दोन वाटा होत्या. या लोकांना हाकलायचं, किंवा त्यांना जागा द्यायची. १९६८-६९ मध्ये देशभर नोंदणी झाली आणि सुमारे १८,००० रस्त्यावरच्या विक्रेत्यांना तात्पुरते परवाने मिळाले. त्यांना आधी मागच्या गल्ल्यांत, वाहनतळांवर, मोकळ्या जागांवर हलवलं. मग १९७१ ते १९८६ या काळात एकामागून एक हॉकर सेंटरं बांधून त्यांत गाळे दिले. एचडीबीच्या नव्या वसाहती तेव्हाच उभ्या राहत होत्या. त्यामुळे घरांबरोबर, शाळेबरोबर, बसथांब्याबरोबर जेवणाची जागाही आराखड्यातच आली. १९७७ ते १९८७ या दहा वर्षांत सिंगापूर नदीची सफाई झाली ती यामुळेही शक्य झाली, कारण काठावरच्या हॉकरांना जायला जागा होती.

सरकारनं दिलं काय? नळ, गटार, वीज, कचऱ्याची व्यवस्था आणि डोक्यावर छप्पर. पुढे १९९७ पासून स्वच्छतेची श्रेणी सांगणारं अक्षर स्टॉलवर लावायची सक्ती आली. मिठाचं प्रमाण किती, मिरची कोणती, यात सरकार पडलं नाही. ज्याची कावड त्याची चव. मला या सगळ्या गोष्टीतलं शहाणपण इथे दिसतं. जे एकट्या विक्रेत्याला कधीच परवडलं नसतं ते सार्वजनिक केलं आणि जे त्याला एकट्यालाच येत होतं त्याला हात लावला नाही.

हेही लक्षात ठेवायला हवं की त्या सरकारच्या हाती १९६६ चा जमीन संपादनाचा कडक कायदा होता, विरोधक दुबळे होते आणि शहर हाच देश होता. आपल्याकडे फेरीवाल्यांच्या उपजीविकेला संरक्षण देणारा कायदा २०१४ साली झाला. फेरीवाला क्षेत्रं आखायची तरतूद त्यात आहे, तरी मुंबईतला घोळ निस्तरलेला नाही. सिंगापूरची नक्कल जशीच्या तशी उतरणार नाही. पण ‘फेरीवाला हटवा’ आणि ‘फेरीवाला राहू द्या’ यांच्या मधे ‘फेरीवाल्याला नळ द्या’ असाही एक मार्ग असतो, हे तिथे डोळ्यांनी दिसतं.

चार डॉलरचा हिशेब

आता त्या स्वस्ताईकडे येऊ. पहिला भाग भाड्याचा. रस्त्यावरून उचलून गाळ्यांत आणलेल्या पहिल्या पिढीच्या हॉकरांना महिन्याला ३२० डॉलर किंवा त्याहूनही कमी भाडं. नवे गाळे निविदेनं जातात. पूर्वी त्यासाठी किमान बोली ठरलेली असे, ती अट २०१२ साली काढून टाकली, आणि गाळा घेऊन दुसऱ्याला चढ्या भाड्यानं द्यायलाही बंदी आली. त्यामुळे कमी गर्दीच्या सेंटरमध्ये अगदी नाममात्र बोलीवरही गाळा मिळू शकतो. मात्र मोक्याच्या जागी उलटं होतं. २०२४ मध्ये मरीन परेडच्या एका गाळ्यासाठी महिन्याला १०,१५८ डॉलरची बोली लागली, तेव्हा वर्तमानपत्रांचे मथळे झाले.

दुसरा भाग वाढप्याचा. इथे वाढपी नाही. रांग आपण लावायची, ट्रे आपण उचलायचा, जेवण झालं की ठरलेल्या मांडणीवर आपणच नेऊन ठेवायचा. हे शेवटचं काम वर्षानुवर्षं विनंत्या करूनही लोक करत नव्हते. सप्टेंबर २०२१ पासून हॉकर सेंटरमध्ये ते सक्तीचं झालं. पहिल्यांदा लेखी ताकीद, दुसऱ्यांदा ३०० डॉलर दंड. म्हणजे चार डॉलरच्या जेवणाचा ट्रे दुसऱ्यांदा विसरलात तर पंच्याहत्तर जेवणांचे पैसे गेले. ट्रेच्या मांडण्याही दोन असतात, हलाल आणि इतर, म्हणजे मुस्लिम स्टॉलची भांडी वेगळी राहतात. सगळे एकत्र बसतात, भांडी मात्र आपापल्या वाटेनं जातात, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

तिसरा भाग हिशेबाच्या वहीत कुठेच लिहिलेला नसतो. पहाटे चारला उठून कोंबड्या साफ करणारे आजोबा, आलं सोलणाऱ्या आजी, दहा-बारा तास त्या तापलेल्या गाळ्यात उभे. त्यांचा पगार कुणी मांडत नाही, कारण ते स्वतःच मालक आणि स्वतःच नोकर. हॉकरांचं वय सरासरी साठीच्या आसपास पोचलंय. मुलांना शिकवलं, ती बँकांत आणि संगणक कंपन्यांत गेली. ती या गाळ्यात परतावीत अशी खुद्द आईबापांचीच इच्छा नाही. सरकारी सेंटरमध्ये गाळा मिळायला नागरिक किंवा कायमचा रहिवासी असावं लागतं, त्यामुळे परदेशातून स्वस्त माणसं आणून गाळा त्यांच्या हाती द्यायची सोय नाही. आणि किंमत पन्नास सेंटनी वाढवली की वीस वर्षांचं गिऱ्हाईक कुरकुरतं. रेस्टॉरंटमध्ये वीस डॉलरचा पास्ता मुकाट्यानं खाणारा माणूस इथे पाच डॉलरच्या नूडल्सना ‘महाग झालं हं’ म्हणतो.

सरकारला हे कळतं. नव्या हॉकरांना जुन्या हॉकरांच्या हाताखाली शिकवायचे कार्यक्रम निघालेत. १९८६ नंतर थांबलेलं सेंटरांचं बांधकाम २०११ मध्ये पुन्हा सुरू करायचं ठरलं. घरोघरी जी सरकारी खरेदीपत्रं वाटतात त्यांतली काही फक्त हॉकरांकडे आणि वस्तीतल्या दुकानांतच चालतात. काही तरुण हौसेनं येतातही. पण गाळा बांधता येतो, चाळीस वर्षांचा हात बांधता येत नाही. एखाद्या सकाळी ओळीतलं एक शटर बंद दिसतं, त्यावर मालकाच्या निवृत्तीचा हातानं लिहिलेला कागद चिकटवलेला असतो. त्या दिवसापासून तो पदार्थ, त्या चवीचा, जगात कुठेही मिळत नाही.

स्वस्त जेवणाचं बिल कुणीतरी भरतच असतं. सिंगापुरात त्यातला एक वाटा सरकारनं जमिनीच्या आणि नळांच्या रूपानं भरला, दुसरा गिऱ्हाइकानं स्वतः ट्रे उचलून, आणि सगळ्यात मोठा वाटा भरला तो एका पिढीनं आपल्या कंबरेच्या जोरावर. पुढची पिढी तो भरेलच याची खात्री नाही. तेव्हा जायचं असेल तर लवकर जा, आणि गेलात की सकाळी अकराच्या आत रांगेत उभे राहा. चांगल्या स्टॉलवरचं जेवण दुपारी एकलाच संपतं.